नवी पिकअप, वाढीव जोडण्या आणि हमीपत्राचा प्रश्न

काही महिन्यांपूर्वी सत्तरी तालुक्यातील एका गावी ग्रामसभेच्या निमित्ताने जाण्याचा योग आला. सभा आटोपल्यावर एका तरुण बागायतदाराने आम्हांस आग्रहाने आपल्या घरी नेले. अंगणात नवी कोरी डिझेल पिकअप उभी होती. बॉनेटवरील हळदकुंकवाची बोटेही अजून पुसली गेली नव्हती. कुळागरातील केळी, नारळ व सुपारी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारी न्यावयाची आणि आठवड्यातून दोनदा चोर्ला घाटाने बेळगावहून भाजी आणावयाची, असा त्याचा बेत होता. बँकेचे कर्ज पाच वर्षांचे. हप्ता सुरू झालेला.

परंतु चहा पुढे येताच त्याने खिशातून काढला तो एक कागद. ओळखीच्या गॅरेजवाल्याने गाडीत करावयाच्या सुधारणांची यादी त्यावर लिहून दिली होती. मागील बाजूस दोन जादा पाटे, किंचित मोठे टायर, टपावर चार दिवे, पुढे लोखंडी गार्ड, धुराच्या नळीतील जाळी काढून टाकणे आणि इंजिनाचा जोर वाढविणारी 'चिप'. या यादीबद्दल त्याने विक्रेत्याच्या माणसास विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, 'एक वायर जरी कापलीत तरी वॉरंटी संपली म्हणून समजा.' गॅरेजवाला उलट म्हणाला, 'वॉरंटी कागदावरच असते, तिच्यासाठी धंदा का अडवता?' यांपैकी खरे कोणाचे, असा त्या तरुणाचा प्रश्न होता. या दोन्ही उत्तरांत अर्धेच सत्य आहे आणि उरलेले अर्धे ग्राहकाला महागात पडते, असे आमचे मत झाल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम हमीपत्राचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. विक्रीनंतर ठराविक मुदतीत एखादा भाग मालाच्या अथवा घडणीच्या दोषामुळे निकामी झाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून अथवा बदलून देऊ, एवढेच अभिवचन निर्माता त्यात देतो. झीज हा दोष नव्हे. क्लचप्लेट, ब्रेकचे लायनर, गाळण्या, वायपर इत्यादी झिजणाऱ्या वस्तू सामान्यतः हमीतून वगळलेल्या असतात आणि टायर व बॅटरी यांची हमी त्यांच्या त्यांच्या उत्पादकाकडे असते. हमीची मुदत वर्षे अथवा किलोमीटर यांपैकी जे आधी भरेल त्यावर संपते, ही गोष्ट मालवाहू गाडीच्या धन्याने विशेष लक्षात ठेवावी. हमी ३ वर्षे अथवा १ लाख किलोमीटर अशी असेल आणि गाडी दिवसाला दीडशे किलोमीटर याप्रमाणे वर्षातील तीनशे दिवस धावत असेल, तर वर्षाला ४५ हजार किलोमीटर होतात. म्हणजे तीन वर्षांची म्हणून समजलेली हमी सव्वादोन वर्षांच्या आतच संपते. कर्जाचे हप्ते त्यानंतरही उरतातच.

आता फेरफाराच्या कलमाकडे वळू. बहुतेक हमीपुस्तिकांत असे कलम असते, की निर्मात्याच्या संमतीवाचून गाडीत फेरफार केल्यास अथवा मान्य नसलेले सुटे भाग वापरल्यास हमी लागू राहणार नाही. प्रत्यक्षात या कलमाचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. एक म्हणजे, ज्या भागात हात घातला त्यापुरती आणि त्या फेरफारामुळे बिघडलेल्या भागापुरती हमी जाते. दुसरा म्हणजे, संपूर्ण गाडीचीच हमी जाते. टपावर दिवा लावला म्हणून गिअरबॉक्सची हमी नाकारणे हे तर्काला धरून नाही, हे सांगण्यास यंत्रज्ञ लागत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात या प्रश्नाला स्पर्श केला होता. ग्राहकाने बाहेरील स्वतंत्र कारागिराकडून काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरील सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल, असे त्यात म्हटले होते. या आदेशाला पुढे निरनिराळ्या न्यायासनांपुढे आव्हाने दिली गेली, शिवाय तो दुरुस्तीच्या कामासंबंधी होता, फेरफारासंबंधी नव्हे. सबब, तो हाती घेऊन विक्रेत्याशी भांडावयास जाणे उपयोगाचे नाही. तथापि त्यातील विचारसरणी सरळ आहे, आणि प्रत्येक फेरफार वेगळा तोलून पाहण्यास ती पुरेशी आहे. हा बदल कोणत्या भागावर ताण आणतो, एवढाच प्रश्न विचारावयाचा.

त्या यादीतील पहिली बाब जादा पाट्यांची. आपल्याकडे पिकअप घेतल्यावर सर्वांत आधी होणारे काम ते हेच, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू. समजा, मागील कमानीत सारख्या जाडीचे पाच पाटे आहेत. त्यांत तसेच दोन घातले तर कमानीचा ताठरपणा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. गाडी बसत नाही, मागून ताठ उभी दिसते, आणि मालकाला वाटते की गाडीची ताकद वाढली. वास्तविक वाढला तो फक्त पाट्यांचा ताठरपणा. मागचा आस, चाकांचे बेअरिंग, सांगाडा, क्लच आणि मुख्यतः ब्रेक हे सारे होते तेवढेच राहिले. भाराने गाडी खाली बसणे ही एक प्रकारची सूचना असते; जादा पाटे ती सूचनाच बंद करतात. भारासह गाडीचे वजन दीडपट झाले, तर त्याच वेगाने जाणारी ती गाडी थांबविताना ब्रेकना दीडपट ऊर्जा शोषून घ्यावी लागते आणि त्या सर्व ऊर्जेची उष्णता होते. चोर्ला घाटाच्या उतारावर तापून निसटते झालेले ब्रेक हा प्रकार ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो फार थोड्या कारागिरांना ठाऊक असतो. काही पिकअप गाड्यांत मागील ब्रेकच्या नळीवर भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह बसविलेला असतो. सांगाडा आसाकडे किती झुकला आहे यावरून गाडीत माल किती हे तो ताडतो आणि त्या प्रमाणात मागील चाकांना ब्रेकचा दाब देतो. जादा पाट्यांमुळे भरलेली गाडीही झुकेनाशी झाली, की व्हॉल्व्हला ती रिकामी भासते आणि तो मागील ब्रेकचा दाब कमी ठेवतो. माल सर्वांत अधिक, नेमकी तेव्हाच मागील ब्रेकची मदत सर्वांत कमी, अशी अवस्था येते. येथे प्रश्न केवळ हमीपत्राचा राहत नाही.

हमीच्या दृष्टीने पाहता, जादा पाटे घातलेल्या गाडीचा मागचा आस, बेअरिंग अथवा सांगाडा मोडला तर निर्मात्याने हमी नाकारणे बहुधा वाजवीच ठरेल. कायद्याच्या दृष्टीने, नोंदणी पुस्तकातील एकूण भारित वजन पाटे घालून वाढत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये दंड आणि जादा असलेल्या प्रत्येक टनामागे आणखी २ हजार रुपये, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च अशी तरतूद आहे. ज्याला नेहमीच अधिक माल न्यावयाचा आहे त्याने खरेदीपूर्वीच अधिक भारक्षमतेची गाडी पाहावी. खरेदीनंतर पाट्यांनी ती उणीव भरून निघत नाही.

दिव्यांची गोष्ट निराळी आहे. रात्री घाटात धुके असते आणि अधिक उजेडाची गरज खरी असते. ५५ वॉटचे चार दिवे म्हणजे २२० वॉट. १२ व्होल्टच्या गाडीत ते सुमारे १८ अँपिअर प्रवाह ओढतात. हा प्रवाह मूळ हेडलाइटच्या वायरीला जोड मारून घेतला, तर वायर तापते, फ्यूज उडतो, आणि कोणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळली तर गाडी पेट घेण्यापर्यंत मजल जाते. विजेच्या तक्रारींत हमी नाकारण्यास विक्रेत्यास सर्वांत सोपा पुरावा मिळतो तो या कापलेल्या आणि चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरींचा. नव्या गाड्यांत इंजिनाचे अनेक संवेदक याच वायरिंगवर अवलंबून असल्यामुळे दिव्याच्या जोडाचा त्रास इंजिनापर्यंत जाऊ शकतो. विक्रेत्याकडील, निर्मात्याने मान्य केलेले दिवे स्वतंत्र रिले व फ्यूजसह, मूळ वायर न कापता बसवून घ्यावेत आणि त्यांची नोंद बिलात करून घ्यावी. त्यास चार पैसे जास्त पडतील. समोरच्या चालकाचे डोळे दिपविणारे दिवे मात्र कोणाकडूनही बसविले तरी नियमांत बसत नाहीत.

मोठ्या टायरांविषयी थोडक्यात सांगता येईल. टायरचा परीघ ५ टक्क्यांनी वाढला, की मीटरवर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी १०५ किलोमीटर धावलेली असते आणि काटा ६० वर असताना वेग ६३ असतो. मीटर कमी पळतो म्हणजे हमी लांबली, असा हिशेब मांडणारे एक गृहस्थ आम्हांस भेटले होते! पण मोठे चाक फिरविण्यास क्लच व आस यांवर अधिक जोर पडतो, आणि टायरचा आकार हा बाहेरून दिसणारा फेरफार असल्याने तो लपत नाही. लोखंडी गार्डच्या बाबतीत तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले, की असे गार्ड कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन असून त्यांवर कारवाई व्हावी. धडक बसली असता पादचाऱ्याला ते अधिक घातक ठरतात.

यादीतील अखेरच्या दोन बाबी सर्वांत गंभीर होत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली. तीसाठी डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर आणले गेले, आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी आली. ज्यास गॅरेजवाले 'जाळी' म्हणतात ती हीच. तिच्यात साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून टाकण्याची व्यवस्था इंजिन स्वतःच करते. मात्र त्यासाठी गाडीने काही वेळ सलग व जोमाने धावावे लागते. गावातल्या गावात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही क्रिया अर्धवट राहते, गाळणी तुंबते, समोरील फलकावर दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो, आणि मालकाची समजूत होते की जाळीच वाईट. काही गाड्यांत याखेरीज युरियाचे द्रावण फवारून धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी केली जातात. त्या द्रावणात युरिया ३२.५ टक्के व बाकीचे शुद्ध पाणी असते; शेतातील युरिया नळाच्या पाण्यात कालवून ओतणे म्हणजे ती सारी यंत्रणा नासविणे होय.

गाळणी काढली, की इंजिनाच्या संगणकाला ती जागच्या जागी असल्याचे भासविण्यासाठी त्याच्या आज्ञावलीतही फेरफार करावा लागतो. 'चिप' अथवा 'रिमॅप' म्हणून जो प्रकार विकला जातो तो याचेच भावंड. त्यात इंधनाचे प्रमाण आणि टर्बोचा दाब वाढवून इंजिनाकडून अधिक जोर काढला जातो. लहान डिझेल इंजिनाचा टर्बो मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याच्यावर, पिस्टनवर, क्लचवर व गिअरबॉक्सवर किती भार यावा याची मर्यादा निर्मात्याने विचारपूर्वक ठरविलेली असते आणि हमीही त्याच मर्यादेवर दिलेली असते. या फेरफारानंतर इंजिनाची हमी मागणे कठीणच. सर्व्हिसिंगपूर्वी मूळ आज्ञावली परत घालून द्यावी म्हणजे कोणास कळत नाही, असे सांगितले जाते. परंतु अनेक नियंत्रकांत अशा बदलाची खूण शिल्लक राहते व कंपनीच्या यंत्राला ती वाचता येते. आणि ती वाचता आली नाही तरी, खोटे सांगून मिळविलेली हमी प्रामाणिक माणसाने मागू नये असे आम्हांस वाटते. प्रदूषणमर्यादेचे उल्लंघन करणारे वाहन रस्त्यावर चालविल्यास कलम १९० नुसार पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा १० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र, अशी शिक्षा आहे.

आमच्या बागायतदार मित्रापुरते सांगावयाचे तर त्याला जाळी काढण्याचे कारणच नव्हते. आठवड्यातून दोनदा भरल्या गाडीने घाट चढणाऱ्या इंजिनाची गाळणी बहुधा आपोआप साफ होत राहते.

हमीपत्र हा मालक व निर्माता यांच्यामधील करार असतो. त्याच्या पलीकडे कायदा आहे, आणि लोकांचे लक्ष अनेकदा हमीपत्रावर खिळून कायद्याकडे दुर्लक्ष होते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते, की निर्मात्याने मुळात ठरविलेल्या आणि नोंदणी पुस्तकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाने करू नये. गाडीच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडविणारा रचनेतील बदल, असा या ठिकाणी 'फेरफार' या शब्दाचा अर्थ आहे. तेव्हा बसण्याच्या जागेवर गादी घातली अथवा ताडपत्रीसाठी कड्या लावल्या म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात या कलमाचा अर्थ कडक लावला. मान्यताप्राप्त फेरफारही नोंदणी अधिकाऱ्याला न कळविता झाला असल्यास १४ दिवसांच्या आत कळवावा लागतो. अनधिकृत फेरफारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. भाडे-खरेदी कराराने घेतलेल्या गाडीत नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीवाचून हात घालता येत नाही. बँकेच्या कर्जावर घेतली असल्यास करारातील अटी वाचाव्यात. मासळीसाठी कायमची शीतपेटी बसवावयाची असेल, तर आधी वाहतूक कार्यालयाचा रस्ता धरावा.

विम्याबद्दलही सावध असावे. किमतीच्या जोडण्या विमा कंपनीला कळवून त्यांचा जादा हप्ता भरला नाही, तर अपघातानंतर त्यांची भरपाई मिळत नाही. न कळविलेला फेरफार अपघातास कारण झाला असे दिसल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईवरही हरकत घेतली जाऊ शकते. हमी गेल्यास एखादा भाग स्वखर्चाने घ्यावा लागेल. विमा नाकारला गेल्यास सारी गाडीच अंगावर येते, हा फरक मोठा आहे.

हे सारे सांभाळूनही एखाद्या वेळी हमी गैररीतीने नाकारली जाते. तशा प्रसंगी तोंडी वाद घालू नये. जॉबकार्डावर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी, नकार कारणासह लेखी मागावा, निकामी झालेला भाग शक्य तर ताब्यात घ्यावा आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्याने काम न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते. गोव्यात उत्तर गोवा व दक्षिण गोवा येथे असे आयोग आहेत. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. ५ ते १० लाखांस २०० रुपये व १० ते २० लाखांस ४०० रुपये पडतात. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो.

पिकअपच्या बाबतीत येथे एक अडसर हमखास पुढे येतो. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा हा कायद्याच्या अर्थाने ग्राहक नव्हे, आणि मालवाहू गाडी तर व्यापारासाठीच असते, असा बचाव केला जातो. परंतु केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरावयास घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनातून त्याच कायद्याने वगळली आहे. स्वतःची एकच गाडी स्वतः चालवून पोट भरणाऱ्याने तक्रारीत ही गोष्ट पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावी. पाच गाड्या ठेवून चालक नेमणाऱ्याला हा आधार मिळणे अवघड आहे. त्याचप्रमाणे, वस्तूचा गैरवापर अथवा तीत फेरफार झाला असल्यास सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही, असे याच कायद्याचे कलम ८७ म्हणते. म्हणजे गॅरेजातील तो कागद आयोगापुढेही आपली वाट अडवून उभा राहतो.

त्या दिवशी अंगणात बसून आम्ही ती यादी एकेक ओळ करून वाचली. जाळी, चिप, गार्ड व मोठे टायर यांवर त्याने स्वतःच पेन्सिलीने रेघ ओढली. पाट्यांवर बराच वेळ चर्चा झाली, कारण बेळगावच्या एका खेपेत जेवढी भाजी आणण्याचे त्याच्या मनात होते ती नोंदणी पुस्तकातील वजनात बसत नव्हती. अलीकडे पुन्हा त्या बाजूला जाणे झाले. आता तो आठवड्यातून दोनऐवजी तीन खेपा करतो. डिझेल अधिक जाते अशी तक्रार त्याने केली आणि ती खरीच आहे. टपावर चारऐवजी दोन दिवे आहेत, विक्रेत्याकडून बसविलेले, आणि त्यांचे बिल हमीपुस्तिकेत टाचून ठेवले आहे.